पहिली फेरी लाज वाटेल इतकी हळू

जिमच्या दारावर माझ्या बायकोचा फोटो लावला होता आणि तिच्या मागे ज्वाळा काढल्या होत्या. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ताईंसाठी जीव तोडून! थांबायचं नाही!’ रविवारी सकाळी शर्यत. ताईंच्या चार फेऱ्या, जो सगळ्यात आधी संपवेल तो पहिला.

मी कामावरून घरी चाललो होतो. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. ती खाली ठेवली, तो कागद पुन्हा एकदा वाचला आणि आत गेलो.

मालक वजनाच्या थाळ्या रचत होता. माणूस वाईट नाही. पण बायको गेल्यापासून मला कुणीच चांगलं दिसत नाही, त्याला तो काय करणार.

“या ज्वाळा कुणाच्या डोक्यातून निघाल्या?” मी विचारलं.

“काका, बसा ना. पाणी घ्या.”

“पाणी नको. ज्वाळा कुणी काढल्या ते सांग.”

“पोरांनी काढल्यात, काका. प्रेमानं केलंय त्यांनी. ताईंनी या जिमला आयुष्य दिलं. त्यांच्या नावानं काहीतरी धडाकेबाज नको का?”

“तिनं आयुष्यभर लोकांना थांबायला शिकवलं आणि तू तिच्या फोटोखाली ‘थांबायचं नाही’ लिहितोस? तुला लाज आहे की नाही?”

“पब्लिकला जोश लागतो, काका. ‘हळू करा, राखून करा’ असं लिहिलं तर येणार कोण?”

“तिच्याकडे येत होते की.”

तो हातातली थाळी उगाच फडक्यानं पुसत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुमच्या मुलीनंही नाव दिलंय. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हतं.

माझी बायको त्या जिममध्ये सकाळची बॅच घ्यायची. तिच्या बॅचला तरणी पोरं येत नसत. गुडघे बदललेले, हृदयाचं ऑपरेशन झालेले, डॉक्टरांनी दम दिलेले असे लोक यायचे. त्यांच्याकडून ती असला व्यायाम करून घ्यायची की बघणाऱ्याला घाम फुटावा. रोइंग मशीनवर बसून वल्हं मारल्यासारखा दांडा ओढायचा, मग किटली उचलायची, मग जमिनीवर पालथं पडून उठायचं आणि उडी मारायची. किटली म्हणजे कान असलेला लोखंडी गोळा, त्याला बॅचनंच ते नाव पाडलं होतं. तिन्ही कामं झाली की एक फेरी. अशा चार फेऱ्या.

एवढं करून कुणी कोसळत नसे, कारण तिची पद्धत वेगळी होती. ती सांगायची, पहिली फेरी अशी करा की शेजारच्यासमोर लाज वाटली पाहिजे, इतकी हळू. दुसरी तशीच. तिसरीत खरं काम सुरू. चौथीत जे काय उरलंय ते सगळं ओता. घड्याळ ती बघायची, पण कोण आधी संपवतो त्यासाठी नाही. ज्याच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीला सारखाच वेळ लागला, त्याच्यासाठी ती टाळ्या वाजवायची. पहिल्या फेरीत पुढे पळालेल्याकडे ती बघायचीसुद्धा नाही. म्हणायची, हा आत्ताच तिसऱ्या फेरीतलं खाऊन बसला.

आणि तिचा प्रश्न असायचा. व्यायाम चालू असताना ती कुणाच्याही शेजारी येऊन उभी राहायची आणि काहीतरी साधं विचारायची. काल भाजी कसली केली? मुलाचा फोन आला का? आलेल्या उत्तराचं पूर्ण वाक्य झालं पाहिजे. शब्द तुटले, मध्येच श्वास घ्यावा लागला, की ती म्हणायची, “अर्धं वाक्य. कमी कर.” मग तो कितीही मोठा अधिकारी असो, त्यानं वेग कमी करायचा. नाही केला तर ती तिथंच उभी राहून पुढचा प्रश्न विचारायची.

मीही त्याच बॅचला असायचो. आमच्या बॅचमधल्या टेलरमामांनी यावर एक शक्कल काढली होती. काहीही विचारलं तरी ते “बरं आहे” म्हणायचे. दोनच शब्द, एका दमात बसायचे. ती म्हणाली, “मामा, हे वाक्य नाही, ढेकर आहे. नीट बोला.” सगळा हॉल हसला. मामा तेव्हापासून घरून वाक्य ठरवून यायचे. तिला ते कळायचं, म्हणून ती त्यांना भलतंच काहीतरी विचारायची.

शेवटच्या फेरीत मात्र प्रश्न नसायचा. तिचा नियमच होता तसा. चौथी फेरी तुमची, त्यात ओरडा, रडा, शिव्या द्या, कुणी काही विचारणार नाही.

तर अशी बाई. तिला पोटाचा आजार झाला. कळला तेव्हा उशीर झाला होता. लोक भेटायला यायचे, खुर्चीवर टेकायचे आणि चहा ढवळत म्हणायचे, “एवढा व्यायाम करून काय उपयोग झाला हो?” माझा चुलतभाऊ तर तिच्यासमोरच म्हणाला. मी त्याला हाताला धरून लिफ्टपर्यंत सोडून आलो. मी लिफ्ट दुरुस्त करतो, ते माझं काम आहे. त्या दिवशी ती मध्येच बंद पाडावी असं फार वाटलं.

पण माझा खरा राग चुलतभावावर नाही. तो तिच्यावर आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये असं मला चारचौघांनी सांगितलं. त्यांनी आपापल्या घरी जाऊन न रागवता बसावं.

तिनं आजारसुद्धा फेऱ्यांसारखा घेतला. पहिलं औषध सुरू झालं तेव्हा म्हणाली, ही पहिली फेरी आहे, आत्ता दमायचं नाही. मी म्हणालो, रजा टाकतो, घरी बसतो तुझ्यापाशी. म्हणाली, “आत्ता नको. रजा राखून ठेव. पुढे मला खरी गरज लागेल, तेव्हा घे.” मुलगी दुसऱ्या गावी असते. तिचं बाळंतपण तेव्हाच झालं, पोटावर ऑपरेशन करावं लागलं. ती फोनवर रडायची, येते म्हणायची. आई म्हणायची, “टाके ओले आहेत तुझे. आत्ता येऊ नकोस, शेवटच्या फेरीला ये. तेव्हा मी तुला सोडणार नाही.”

मग तिची वाक्यं तुटायला लागली. एकदा पाणी मागताना ती मध्येच थांबली, तेव्हा मी गमतीनं म्हणालो, “अर्धं वाक्य. कमी कर.” ती हसली. तिच्या हिशेबानं दुसरी फेरी चालली होती. एका दुपारी मी एका इमारतीत लिफ्टच्या छतावर बसून केबल तपासत होतो आणि शेजारणीचा फोन आला. मुलगी बाळाला घेऊन पोचली तेव्हा आई डोळे उघडून बघत होती, पण बोलत नव्हती. तिसरी नाही, चौथी नाही, सगळं मध्येच संपलं.

माझी रजा अजून शिल्लक आहे. सगळीच्या सगळी.

शनिवारी मुलगी आली. बाळाला जावयाकडे ठेवून एकटीच आली. तिनं पिशवीतून बूट काढले तेव्हाच मी सुरुवात केली.

“नाव द्यायच्या आधी मला विचारायचंस.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय? हळूहळू सुरू करा. वजन उचलू नका.”

“मी हळूहळू करणार नाहीये, बाबा.” ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिची आई उभी राहायची तशीच, खांदा चौकटीला लावून. “मी पहिल्या फेरीपासून सगळं टाकणार आहे. आईनं राखून ठेवलं, तिला काय मिळालं? मला नको म्हणाली, मी थांबले. शहाण्यासारखी थांबले! मला तिच्याशी एक वाक्य बोलायला मिळालं नाही.”

“म्हणून तू पोट फाडून घेणार?”

“तुम्ही तरी सांगायचंत ना! तुम्हाला दिसत होतं. तुम्ही एक फोन करून ‘ये’ म्हणायचंत.”

“तुझ्या आईपुढे माझं कधी चाललंय?”

“मग आता माझ्यापुढेही चालवू नका.”

ती आत गेली आणि तिनं दार आपटलं. आमच्या घरात दार आपटायची पद्धत नाही. कपाटावरचं घड्याळ हललं. तिचं म्हणणं मला पटत होतं, हीच मोठी पंचाईत होती. पण उद्या ती पहिल्या फेरीपासून जीव टाकणार, किटली उचलणार, आणि आतून काही फाटलं तर त्या ज्वाळांच्या फोटोखाली पडणार. एक बाई मी घालवली होती. दुसरी घालवायची माझी तयारी नव्हती.

मी ठरवलं की आपणही उतरायचं, तिच्या शेजारचं मशीन घ्यायचं आणि हळू करायचं, इतकं हळू की तिला लाज वाटून वेग कमी करावा लागेल. माझ्या बायकोची बॅच मी इतकी वर्षं केली, हे मला जमणार नाही तर कुणाला जमणार?

रविवारी हॉल भरला होता. नवीन कोच आला होता. त्याचं नाव ‘तुफान’, त्याच्या बनियनवरच तसं छापलेलं. आमची जुनी बॅच एका कोपऱ्यात उभी होती, लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्यासारखी. टेलरमामा मला म्हणाले, “काका, हे गाणं आहे का इंजिन?” स्पीकर इतके मोठे होते की त्यांचे ओठ बघून मला ते कळलं.

मुलगी रोइंग मशीनवर बसली. मी शेजारच्या मशीनवर बसलो.

“तुम्ही कशाला?” ती म्हणाली.

“व्यायामाला.”

“माझ्यासाठी हळू करू नका.”

“तुझ्यासाठी कोण करतंय?”

तुफाननं शिट्टी मारली.

मी हळू सुरू केलं. खरंच केलं. पण समोर भिंतीवर तोच फोटो होता, दारावरच्यापेक्षा मोठा, आणि तुफान त्याच्याकडे बोट दाखवून ओरडत होता, “ताई बघतायत! ताईंना दाखवा!” मला वाटलं, बघतेय काय? बघ मग. रजा राखून ठेव म्हणालीस ना? हे घे. आणि मी ओढलं. शेजारी मुलीनं माझ्याकडे तिरकं बघितलं आणि तिनंही ओढलं. ती वाढली की मी वाढायचो, मी वाढलो की ती. मागची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं, बापलेकीची चुरस आहे. किटलीपाशी आम्ही बरोबरच पोचलो. तिनं जड उचलली म्हणून मी त्याहून जड उचलली. पालथं पडलो, उठलो, उडी मारली. पहिली फेरी आम्ही सगळ्यांच्या आधी संपवली. माझ्या बायकोनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नसतं.

दुसऱ्या फेरीत माझे पाय शिशाचे झाले. तोंडाला रक्ताची चव आली. मी मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ मिटलेले होते. किटली उचलून ती खाली ठेवली की तिचा डावा हात पोटाकडे जायचा. तिथं जरा दाबून धरायचा आणि परत किटलीवर यायचा. तिला स्वतःला ते कळत नव्हतं.

मला प्रश्न विचारायचा होता. मी तोंड उघडलं.

“बा… बाळ… रा…”

माझंच वाक्य तुटलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तुटलं. वरून ते गाणं. तिला ऐकूसुद्धा गेलं नाही. तिनं परत किटली धरली.

मी थांबलो. हॉलच्या मधोमध, सगळ्यांसमोर हातातली किटली खाली ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. तुफान धावत आला, माझ्या कानाशी ओरडला, “काका, ताईंसाठी! थांबायचं नाही!” मी त्याला एका हातानं बाजूला सारलं. भिंतीपर्यंत चालत गेलो आणि स्पीकरचा प्लग ओढून काढला.

गाणं बंद पडलं. एकदम सगळ्यांचे श्वास ऐकू यायला लागले. मालक म्हणाला, “काका, शर्यत चालू आहे.”

“गप बस,” मी म्हणालो. एवढे दोन शब्द जमले. मग मी तिथंच उभा राहून नाकानं श्वास घेतला, तोंडानं सोडला, पुन्हा घेतला. माझी मुलगी मधल्या वेळात आणखी उचलतच होती. मी तिच्याजवळ गेलो, तिची आई उभी राहायची तसा बाजूला उभा राहिलो आणि विचारलं, “काल रात्री बाळ नीट झोपलं असं जावयांनी कळवलं का?”

“बाबा… सरका…”

“अर्धं वाक्य. कमी कर.”

“तुम्ही… नका…”

कोपऱ्यातून टेलरमामा ओरडले, “अर्धं वाक्य! कमी कर!” मग आमची सगळी जुनी बॅच. गुडघेवाले, ऑपरेशनवाले, सगळे. “अर्धं वाक्य! कमी कर!” नवी पोरं बघतच राहिली. तुफान मालकाकडे बघत होता, मालक जमिनीकडे.

मुलीनं किटली सोडून दिली. रबरावर धप्प आवाज झाला. ती माझ्यासमोर उभी राहिली, मुठी आवळून, छाती वरखाली होत होती. मी वाट बघितली. तिचा श्वास हळूहळू खाली आला, आणि मग ती बोलली, एका दमात, मोठ्यानं.

“मला तुमचा राग आलाय आणि आईचा त्याहून जास्त राग आलाय, कारण तिनं मला शेवटच्या फेरीला बोलावलं आणि स्वतः आली नाही.”

मी म्हणालो, “पूर्ण वाक्य झालं. चल.”

दुसरं काय म्हणणार होतो? मलाही तेच म्हणायचं होतं, तिनं आधी म्हटलं.

दुसरी फेरी आम्ही कशीबशी संपवली आणि तिसरी लाज वाटेल इतकी हळू केली. तिथून पुढे मी तिला किटली धरू दिली नाही. रिकाम्या हातानं कर म्हणालो. तिनं ऐकलं. नवी पोरं आमच्या पुढे निघून गेली, एकजण संपवून नाचलासुद्धा. टेलरमामा शेजारून जाताना मी त्यांना विचारलं, “मामा, आज दुकान उघडणार का?” ते म्हणाले, “आज दुकान उघडणार नाही, आणि उघडलं तरी तुमची विजार शिवणार नाही.” अख्खं वाक्य, मध्ये श्वास न घेता. बॅच हसली. मुलगीही हसली, मग एकदम रडायला लागली, पण ओढणं थांबवलं नाही.

चौथी फेरी आली. मी तिला म्हणालो, “आता कुणी काही विचारणार नाही.”

त्या फेरीत ती काय काय ओरडली ते मी सांगणार नाही. आईला बोलली, मला बोलली, डॉक्टरांना बोलली, भिंतीवरच्या ज्वाळांना बोलली. मीही बोललो. इतक्या वर्षांत मी माझ्या बायकोला कधी शिवी दिली नव्हती, त्या दिवशी दिली, फोटोकडे बघून. आम्ही जवळजवळ शेवटचे आलो. आमच्यानंतर फक्त टेलरमामा, आणि ते नेहमीच शेवटी असतात.

नंतर ती जमिनीवर पडून छताकडे बघत होती. मी शेजारी बसलो आणि तिच्या पोटावर, टाक्यांच्या जागी, तळहात ठेवला. “दुखतंय?”

“नाही,” ती म्हणाली. “थोडं. पण नाही.”

मालक आला. म्हणाला, “काका, तो फोटो काढू का?”

“फोटो राहू दे. ज्वाळा काढ.”

माझा राग गेला असं कुणी समजू नये. तो आहे. सकाळी उठलो की पलंगाच्या रिकाम्या बाजूला बघून तो माझ्याआधी उठतो. पण आता मला तो बोलता येतो.

सोमवारी मी ऑफिसात सुपरवायझरकडे गेलो. सांगितलं, मुलीकडे जायचंय, नातवाला नीट बघितलेलंही नाही, माझी सगळी रजा टाक.

“सगळी?” तो म्हणाला. पोरगा भला आहे, माझ्या काळजीनंच बोलला. “एकदम सगळी कशाला संपवता, काका? थोडी राखून ठेवा ना.”

मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पूर्ण वाक्य होतं, एवढंच सांगतो.